गुरुवारच्या बैठकीतले मामा

महत्त्वाचं काही बोलायचं असलं की मामा आधी डोक्यावरची टोपी काढायचे, झटकायचे आणि उजव्या गुडघ्यावर ठेवायचे. मग घसा खाकरून म्हणायचे, "आता समोरासमोर बोला." टोपी डोक्यावर असेपर्यंत चालायच्या त्या नुसत्या गप्पा. कापूस कसा आहे, कोणाच्या पोराला कुठे नोकरी लागली, कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही. त्या कितीही रंगल्या तरी मनावर घ्यायच्या नसत, कारण मामाही घेत नसत.

ही टोपीची भानगड समजायला मला बराच काळ लागला. आमच्या दवाखान्याला तर त्याहून जास्त लागला.

मी जालन्यात एका ट्रस्टच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या भाषेत व्यायामवाल्या ताई. मामा परतूरजवळच्या आष्टीचे. त्यांचं नाव रजिस्टरमध्ये होतं, पण ते कोणी घेत नसे. आमच्याकडे प्रत्येक वयस्कर पुरुष मामा असतो, तरी नुसतं "मामा आले" म्हटलं की सगळ्या स्टाफला कळायचं की हे आष्टीचेच.

पहिल्यांदा ते आले खांद्यासाठी. शुगरच्या आजारात कधी कधी खांदा आखडतो, तसा त्यांचा आखडला होता. मी नेहमीसारखं विचारलं, जेवताना दुखतं का, अंघोळीला त्रास होतो का. ते म्हणाले, तेवढं चालून जातं, पण अक्षता टाकता येत नाहीत. आपणच जमवलेल्या लग्नात आपणच हात खाली घालून उभं राहायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. तेव्हा मला त्यांचं काम कळलं. शेती थोरल्या भावाबरोबर एकत्र होती आणि ती भाऊच बघत. मामा आयुष्यभर सोयरिकी जमवत आले होते.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. बसमध्ये शेजारी बसला तर पुढचा थांबा येईपर्यंत तुमचं आजोळ, तुमच्या काकांची मुलं आणि त्यातली लग्नाची कोण राहिली आहेत, हे सगळं काढून घेतो. मामांनी माझ्या व्यायामाच्या खोलीचं तेच केलं. कंबर धरलेल्या बाईची भाची आणि मान अवघडलेल्या मास्तरांचा पुतण्या यांची त्यांनी तिथेच गाठ घालून दिली. मी दोरी ओढायला सांगायची आणि हे दोरी हातात धरून पलीकडच्या पलंगाशी बोलत बसायचे. मी रागावले की म्हणायचे, "हात चालू हाय न ताई? तोंडाचं काय, ते तर मोकळंच हाय." मग माझ्याच नणंदेची चौकशी सुरू व्हायची.

मामा खोटं बोलत नसत, पण खरं फार जपून वापरत. काहीच न करणारा मुलगा त्यांच्या तोंडी "घरात धाकटा, लाडाचा" असायचा. विहीर आटलेली असली तरी "विहीर बांधीव हाय" एवढंच सांगायचे. मी एकदा टोकलं, तर शांतपणे म्हणाले, पाणी आहे का असं कोणी विचारलं तर नाही म्हणून सांगतोच की, पण आधी माणसं विहीर बघायला तर येऊ द्या.

एका बाबतीत मात्र ते अजिबात वाकत नसत. बैठकीत दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचं सगळं ठरलं, ताटात सुपारी आली, की मामा उठायचे आणि घरातली एखादी आत्या किंवा मावशी बरोबर घेऊन आत जायचे. तिथे मुलगी असायची. तिला एकटीला विचारायचे. बाहेरच्या लोकांना वाटायचं, ही एक रीत आहे, आटपून येतील. मामांसाठी ती रीत नव्हती. ते मला सांगायचे, पोरगी हातातलं काम करता करता हो म्हणाली तर तो हो धरायचा नाही. काम बाजूला ठेवून म्हणाली तर धरायचा.

अंबडला एका घरी मुलगी नाही म्हणाली. बाहेर सुपारी फुटायची तेवढी बाकी, आचारी लागलेला. मामा बाहेर आले, टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, माझीच चूक झाली, मी पत्रिका नीट बघितली नव्हती, गुण जमत नाहीत. मुलाकडच्यांनी त्यांना नको नको ते ऐकवलं आणि पुढे कित्येक लग्नांत त्यांना मानाचा पाट दिला नाही. मुलीचं नाव मात्र कुठे आलं नाही. हे सांगताना त्यांना अभिमान वगैरे वाटत नव्हता. आचाऱ्याचं सगळं सामान वाया गेलं, याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

या सगळ्या सोयरिकींनी त्यांची शुगर वाढवली यात मला शंका नाही. सोयरीक पक्की झाली की तोंडात साखर पडते, आणि मध्यस्थाच्या तोंडात दोन्हीकडून पडते. मी रागवायची, शुगरच्या डॉक्टर रागवायच्या, मामा टोपी डोक्यावर ठेवून सगळं ऐकून घ्यायचे. मग एका लग्नात नवी चप्पल चावली. पायाला बधिरपणा होताच, म्हणून कळलं नाही. कळलं तेव्हा उजव्या पायाची बोटं काळी पडत चालली होती आणि त्यांना आमच्याकडे भरती करावं लागलं.

आता आमच्या गुरुवारच्या मीटिंगबद्दल सांगायला हवं. आमच्याकडच्या शुगरच्या डॉक्टर म्हणजे मोठ्या मॅडम. दवाखान्यात सगळ्यांत जुन्या, आवाज हळू, पण त्यांनी ठरवलेलं बदलत नाही. अवघड पेशंटबद्दल दर गुरुवारी सगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसायचं, ही पद्धत आधीपासून होती. मॅडमनी त्यात भर घातली की पेशंटलाही बोलवायचं. कारण सर्जन एक सांगून जात, किडनीचे डॉक्टर दुसरं, मी तिसरंच, आणि ते सगळं जुळवत बसायचं काम त्या बिचाऱ्या आजारी माणसावर पडायचं. त्यापेक्षा सगळ्यांनी त्याच्यासमोर बोलावं, त्यालाही विचारावं आणि मग ठरवावं, असं त्यांचं म्हणणं.

कल्पना चांगलीच होती. पण आमची माणसं तुम्हाला माहीत आहेत. पिंपळगाव रेणुकाईच्या एक आजी आत आल्या, इतके डॉक्टर एका ओळीत बघितले आणि रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, आपलं काही खरं नाही म्हणूनच हे सगळे जमलेत. एक जण नवे कपडे घालून आले आणि डॉक्टर बसा म्हणत नाहीत तोवर बसलेच नाहीत. तरी मॅडमनी नेटाने चालू ठेवलं. हळूहळू लोक बोलायला लागले, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबवणं अवघड जायचं.

मामांना मी आदल्या दिवशी सांगितलं, उद्या तुम्हाला मीटिंगला यायचंय, सगळे डॉक्टर असतील, तुमच्या पायाचं ठरवायचंय. ते एकदम खुलले. म्हणाले, "म्हंजे बैठक हाय म्हणा की. बराबर. मंग दादाला निरोप धाडतो."

गुरुवारी सकाळी आमच्या वऱ्हांड्यात पांढऱ्या कपड्यांतली सगळी भावकी आणि सोयरी मंडळी उभी होती. थोरले भाऊ, चुलते, मेहुणे, व्याही, शिवाय सरपंच राहिलेले एक गृहस्थ. खुर्च्या पुरेनात म्हणून ओपीडीतून बाकडी आणली. लोकांनी आपणहून एका बाजूला बसून घेतलं आणि समोरची बाजू डॉक्टरांना सोडली. मामा चाकाच्या खुर्चीत होते. दाढी केलेली, कपडे धुतलेले, टोपी डोक्यावर, नजर खाली. गप्प बसलेले मामा मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, घाबरले असतील.

सर्जननी सगळं सोप्या भाषेत सांगितलं. भला माणूस आहे, पाय वाचवण्यासाठी जिवाचं रान करतो. त्यांचं म्हणणं, संभाजीनगरला नेऊन पायाची रक्तवाहिनी मोकळी करायची, मग बोटं काढायची, मग जखम भरेपर्यंत तिथेच ड्रेसिंग. कित्येक महिने लागतील, पण पाय वाचण्याची आशा आहे. दुसरा रस्ता म्हणजे गुडघ्याखाली पाय काढणं, आणि तो अगदीच नाइलाज झाला तर. किडनीच्या डॉक्टरांनी रक्तवाहिनीच्या तपासणीत टोचतात त्या औषधाने किडनीला धोका असल्याचं सांगितलं, तरी जपून करता येईल म्हणाले. भावकीत कुजबुज झाली. थोरले भाऊ, म्हणजे दादा, उभे राहिले आणि म्हणाले, काही होवो, पाय वाचला पाहिजे.

मॅडमनी विचारलं, "मामा, तुम्हाला काय वाटतं?"

मामांनी दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, त्याला काय विचारता, मी आहे ना. मॅडमनी पुन्हा विचारलं. मामा किंचित हसले आणि परत खाली बघायला लागले. आम्ही सगळ्यांनी तो होकार समजला. दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीनगरला न्यायचं ठरलं. भावकीने हात जोडले आणि सगळे चहा प्यायला खाली गेले.

दुपारी मी वॉर्डात गेले. प्रवासाआधी छातीचे व्यायाम शिकवायचे होते. मामा दाराकडे तोंड करून बसले होते. मला बघून माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं आणि म्हणाले, "तुम्हालाच धाडलं का?"

मी म्हटलं, कशासाठी?

"आत इचारायला. मी सकाळपासून वाट बघून राह्यलो."

माझ्या काही लक्षात येईना. मी म्हटलं, मामा, सकाळी मॅडमनी तुम्हाला दोनदा विचारलं की, तुम्ही काही बोलला नाहीत.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कालच या जिल्ह्यात आले होते. म्हणाले, "चारचौघांत इचारलं, ते इचारणं असतंय का ताई? ज्याचं लगीन, तो बैठकीत बोलत न्हाई. मोठी माणसं बोलत्यात. मंग कोणीतरी आत येतंय अन् इचारतंय. मी म्हणलं, एवढी शिकलेली माणसं हायत, येतील."

तेव्हा त्यांनी टोपी काढली, झटकली आणि गुडघ्यावर ठेवली. सकाळभर ती डोक्यावरून हलली नव्हती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी पलंगाच्या कडेला बसले. ते मामींबद्दल बोलायला लागले. मामींना विसर पडायला लागून काही वर्षं झाली होती, हे मला तुटक तुटक माहीत होतं. आधी वस्तूंची नावं गेली, मग गावातल्या माणसांची, मग पोरांची. मामांचा आवाज तेवढा त्यांना ओळखू यायचा. ते बाहेरगावी असले की सून फोन लावून कानाशी धरायची. मामी आवाज ऐकून दाराकडे बघायच्या, आणि मग सुनेच्या हातून दोन घास खायच्या. भरती झाल्यापासून रोज तसाच फोन चालू होता.

"परवा फोन केल्ता," मामा म्हणाले, "तर तिनं दाराकडं बघितलं न्हाई. सून काही बोलली न्हाई, पर मला कळलं. आता संभाजीनगरला महिनोन् महिने काढून मी पाय घेऊन घरी जाईन, अन् तिथं मला वळखणारं कोणी नसंल. मंग त्या पायावर उभं राहून करू काय?"

मी विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

 मामा स्वतःच्या लग्नाची बैठक कशी झाली ते सांगायला लागले. दोन्हीकडचे वडीलधारे बसले, सुपारी फुटली, आत जाऊन कोणी विचारलं नाही. तेव्हा तशी पद्धतच नव्हती. लग्नानंतर मामी ज्वारी निवडत बसल्या होत्या आणि हे काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, तुला घर पसंत पडलं का? मामी सुपातून मान वर न करता म्हणाल्या, मला कोणी विचारलंच नाही. तक्रार म्हणून नाही, सहज. पुढे संसार चांगला झाला, भांडणं झाली, लेकरं झाली. पण ते वाक्य मामांच्या डोक्यातून गेलं नाही, आणि दुसऱ्यांच्या पोरींना विचारत फिरण्यात स्वतःच्या घरात विचारायचं राहूनच गेलं.

मी तशीच उठून मॅडमकडे गेले.  मॅडमनी लगेच संभाजीनगरला फोन करून उद्याचं थांबवलं आणि संध्याकाळच्या आत पुन्हा सगळ्यांना बोलावलं.

ही दुसरी बैठक मामांनी चालवली. सुरुवातीलाच दादांना म्हणाले, आज मीच माझा मध्यस्थ, तुम्ही बसा. मग सर्जनना त्यांचं गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं, ते परतूरकडचंच निघाल्यावर दूरचं नातं जोडलं आणि आम्ही घड्याळाकडे बघायला लागल्यावर मुद्द्यावर आले. पाय गुडघ्याखाली काढला तर किती लवकर घरी जाता येईल, ते सर्जननी किडनीच्या डॉक्टरांसमोर सांगावं, आणि किडनीला ते मानवेल का, ते त्यांनी सर्जनसमोर सांगावं. मागून काही निघायला नको. दोघांनी सांगितलं. जखम नीट भरली तर काही आठवड्यांत घर, पुढे कृत्रिम पाय, आणि किडनीला त्यात धोका कमी. पण सर्जनचं मन घेईना. ते म्हणाले, मामा, प्रयत्न न करता पाय काढायचा हे मला पटत नाही, एकदा गेलेला पाय परत येत नाही.

"साहेब, तिकडं माणूस चाललंय," मामा म्हणाले. "ते बी परत येत न्हाई."

दादा संतापले. पांगळा होऊन घरी येणार का, लोक म्हणतील भावाने इलाज केला नाही, असं बरंच बोलले. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. तेव्हा मला दिसलं की त्यांना लोकांची भीती नव्हती, धाकटा भाऊ तुटका झालेला त्यांना बघवणार नव्हता.  चहा आला होता, तो सगळ्यांच्या हातात तसाच.

मॅडम उठल्या. म्हणाल्या, सगळ्यांनी थोडा वेळ बाहेर जा. सर्जनपासून दादांपर्यंत सगळे गेले. मी निघाले तर मला म्हणाल्या, तू थांब, सोबत एक बाई हवी. मग खुर्ची ओढून मामांच्या समोर बसल्या आणि विचारलं, "मामा, आता आत फक्त आपण आहोत. काय करू?"

मामांनी हातातला कप खाली ठेवला. "काढा," म्हणाले.

पाय काढला त्या दिवशी सर्जन दुपारी जेवले नाहीत, हे मला ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनी सांगितलं. मामा मात्र शुद्धीवर आल्यावर चादरीवरून चाचपून बघत म्हणाले, गुडघा शाबूत आहे, टोपीची सोय झाली. मला हसू आलं आणि मग बाहेर वऱ्हांड्यात जाऊन मी चांगली रडले.

त्यांच्यासारखा आळशी आणि त्यांच्यासारखा घाईचा पेशंट मला पुन्हा मिळाला नाही. व्यायाम टाळायला रोज नवं कारण, आणि रोज एकच प्रश्न, घरी कधी. वॉकर धरून पहिल्यांदा उभे राहिले ते थेट दाराच्या दिशेने निघाले. मी मागून कंबर धरून ओढत होते. पलीकडच्या पलंगावरचा माणूस म्हणाला, मामा, जल्दी काय आहे? मामा म्हणाले, घरी पाहुणे यायचेत. कोण पाहुणे, तर मीच, म्हणाले.

ते थट्टेतलं बोलणं होतं, पण घडलं तसंच. त्या भागात आमच्या दवाखान्याची गाडी अधूनमधून घरी जाऊन पेशंट बघायला जाते. मामा घरी गेल्यावर काही दिवसांनी मी त्या गाडीने आष्टीला गेले. कापसाची वेचणी चालू होती, ओसरीत गाठोडी पडली होती. मामा भिंतीला टेकून सतरंजीवर बसले होते आणि समोर मामी. गोऱ्या, बारीक, कपाळावर मोठं कुंकू. मला बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

मी हळूच विचारलं, आवाज ओळखला का? मामा म्हणाले, "आल्तो त्या दिवशी वळखला. दार उघडायच्या आधीच म्हणली, आले का. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाई." दुसऱ्या दिवशी मामींनी वॉकरवरचा हा माणूस बघितला, पदर घेतला आणि सुनेला सांगितलं, पाहुणे आलेत, चहा ठेव. तेव्हापासून ते त्या घरात पाहुणे होते.

 एका दिवसासाठी पाय दिला, असं माझ्या मनात आलं आणि बहुतेक ते तोंडावर दिसलं असावं. मामांनी टोपी काढली नाही, म्हणजे गप्पाच होत्या. म्हणाले, ताई, पाहुणा असण्यात फायदा आहे. मामींच्या आतलं कितीही गेलं तरी घरच्या बाईची रीत गेली नव्हती. आधी त्या सुनेचा हात झटकायच्या, ताट ढकलायच्या. आता मामा जेवायला बसले की त्या समोर बसतात, पाहुण्यांनी पहिला घास घेतला की मग स्वतः जेवतात, निमूट. आग्रहही करतात. गुळाचा खडा रोज ताटात पडतो, आणि तो मुठीत लपवून मामा मांजराला घालतात. "तुमच्या मॅडमला सांगा, गूळ खात न्हाई म्हणून," म्हणाले.

निघताना ते एवढंच म्हणाले, की त्यांनी एकदा मामींना विचारलं. पाहुणे म्हणूनच विचारलं, एक स्थळ आहे, माणूस बोलघेवडा आहे, एका पायाने अधू आहे, तुमचं काय मत? मामींच्या हातात जपमाळ होती ती त्यांनी खाली ठेवली आणि विचार करून म्हणाल्या, घरी विचारून सांगते. मामा डोळे पुसेपर्यंत हसले.

नंतर ते तपासणीला यायचे, कृत्रिम पाय घालून, बसने. काम झालं तरी गुरुवार असेल तर मीटिंगच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहायचे आणि आत जाणाऱ्या पेशंटला धरायचे. आत कोण कोण बसतं, कोण रागीट दिसतो पण नाही, ते सांगायचे. आमच्याकडे आता मीटिंगनंतर कोणीतरी पेशंटकडे एकटं जातं आणि पुन्हा विचारतं. बहुतेक वेळा मीच जाते. एकदा एका पेशंट पोरीला मामांनी विचारलं, लग्नाचं काय, आणि मॅडमनी खोलीतून ऐकून त्यांना हाकललं.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. निरोप उशिरा कळला. मी भेटायला गेले तेव्हा दिवसपाणी होऊन गेलं होतं. दादा ओसरीत बसले होते, मला बघून नुसते हात जोडले.

मामी आतल्या खोलीत होत्या. सून म्हणाली, काय झालंय ते त्यांना कळलं का नाही, कोणास ठाऊक. पण जेवत नाहीत. ताट समोर ठेवलं की म्हणतात, पाहुण्यांचं व्हायचंय. मुलगा समोर बसून जेवला, दादा जेवले, उपयोग नाही, ते घरचे. आणि बाहेरून भेटायला येणारं माणूस अशा घरी पाण्याच्या घोटापलीकडे काही घेत नाही. दूध तेवढं पोटात जातंय, सून म्हणाली, पण असं किती दिवस चालणार.

मी पण रिवाजाने आले होते. पाणीसुद्धा नको म्हटलं होतं. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर ताट झाकलेलं. पूर्वीपेक्षा खूप वाळल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी पदर सारखा केला.

मी सुनेला म्हटलं, मला वाढ.

ती जागची हलेना. "ताई, आमच्या घरी आता कसं..." एवढंच म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, वाढ. तिने भाकरी आणली, वरण आणलं. मी सतरंजीवर मामींच्या समोर मांडी घालून बसले. ओसरीतून दादांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. मला भूक नव्हती. मी भाकरी मोडली, वरणात बुडवली आणि खाल्ली.

मामी बघत होत्या. मग त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं, वरचं झाकण काढलं आणि भाकरीचा तुकडा मोडला. घास तोंडाशी नेऊन थांबल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."